अनुमान नको

टण्. टण्. टण्. मग जरा थांबून त्याच जागी आणखी एकदा, हलकेच.

“डावीकडं, मागनं तिसरी ओळ, पाचवा,” इंजिनाच्या पोटातून आवाज आला. “अनुमान.”

शंभूरावांनी मांडीवरच्या वहीत तिसरी ओळ शोधली आणि पाचव्या चौकटीत ‘अनुमान’ लिहिलं. सकाळपासून हा शब्द सोळाव्यांदा आला होता आणि दर वेळी पेन्सिल त्याच्यावर जरा अडखळली होती.

आत बसलेले गुरुराव अडुसष्ट वर्षांचे. रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं बॉयलर ठोकून निवृत्त झालेले, अंगानं वाळक्या शेंगेसारखे. फायरबॉक्सच्या गोल तोंडातून आत शिरायला तसाच माणूस लागतो. शंभूराव कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांतून इथं बॉयलर इंजिनिअर म्हणून आलेले. तिथल्या बॉयलरमध्ये माणूस दार उघडून आत जातो. इथं पहिल्याच दिवशी त्यांनी डोकं आणि एक खांदा आत घालून पाहिला होता. डोकं गेलं, खांदाही गेला. बाहेर काढायला मात्र दोन माणसं लागली. तेव्हापासून गुरुरावांनी आतून सांगायचं आणि शंभूरावांनी बाहेर स्टुलावर बसून लिहायचं, असं ठरलं. ऐकीव गोष्टीवर सही करणं त्यांना पहिल्यापासून जड जात होतं. मागे एका कारखान्यात बॉयलरवरच्या खलाशाच्या ‘ठीक आहे साहेब’वर त्यांनी व्हॉल्व्ह उघडू दिला होता, आणि त्या खलाशाचे भाजलेले हात त्यांना अजून अधूनमधून दिसत.

लिहायचं होतं ते स्टेंबद्दल. फायरबॉक्स म्हणजे आत आग पेटते ती तांब्याची पेटी, तिच्याभोवती पोलादाचं कवच, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी. पेटीला आणि कवचाला एकमेकांशी धरून ठेवणारे तांब्याचे आखूड दांडे म्हणजे स्टे. या इंजिनाला ते तीनशेबारा होते. एखादा तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. शेजारीही तुटले, तर वाफ चढवण्याच्या दिवशी इंजिनाजवळ कुणी उभं नसलेलं बरं. तुटलेला स्टे बाहेरून दिसत नाही. आतून हातोडीनं वाजवायचा. शाबूत असेल तर टण् म्हणतो, तुटला असेल तर ठप्प. जगभर हीच रीत आहे, म्हणे. शंभूरावांना त्यातलं ‘म्हणे’ आवडत नव्हतं.

“चौथी ओळ, पहिला. अनुमान,” आतून आलं. “दुसरा, अनुमान. तिसरा... अनुमान.”

“गुरुराव, थांबा जरा. एकोणीस झाले हे. अनुमान, अनुमान काय लावलंय?”

“वाजवलं की साहेब. ऐकलं. अनुमान आलं, म्हणून बोललं.”

“मला अनुमान नकोय. अनुमानावर बॉयलर चालत नाही. ठाम काय ते सांगा.”

आतून हातोडी फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

“अनुमान आलं तर बोलायचं नाही म्हणता?”

“नाहीच बोलायचं.”

“सरी,” गुरुराव म्हणाले.

सरी म्हणजे ठीक, एवढं कन्नड शंभूरावांना म्हैसुरातल्या सहा महिन्यांत आलं होतं. पुढचा स्टे वाजला. “बरा.” त्याच्या पुढचा. “बरा.” मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणि सुट्टीनंतर चार वाजेपर्यंत नुसतं टण्, बरा, टण्, बरा. एकही अनुमान नाही.

चारला गुरुराव बाहेर आले, तोंडावरची जुनी काजळी पुसली आणि डबा उचलून न बोलता बसकडे निघून गेले. शंभूराव वही उघडी ठेवून बसून राहिले. एका दटावणीनं माणूस इतका सुधारत नाही. हा आधी मनचं ठोकून देत होता, नाहीतर आता देतोय.

शेड म्हैसूरजवळ बेळगोळला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात होती. कारखान्याच्या वॅगनी ढकलायला ठेवलेलं हे लहानसं मीटरगेज इंजिन. कारखाना गेला, मीटरगेज गेलं. हे तेवढं चिंचेखाली वीस वर्षं उभं राहिलं. नंबर सात. कन्नडमध्ये सातला म्हणतात ‘एळू’, आणि ‘ऊठ’ म्हणायचं तरी ‘एळू’च, त्यामुळे शेडमधली माणसं येताजाता त्याच्या बफरवर थाप मारून एळू, एळू म्हणत. ते काही उठत नव्हतं. नळ्या बदलून झाल्या होत्या, चाकांचे बेअरिंग ओतून झाले होते, आणि भांडार सांभाळणाऱ्या कुसुमबाईंनी, शिंप्याच्या घरच्या असल्यामुळे, बॉयलरला ऊब धरण्यासाठी गोधड्यासुद्धा शिवून ठेवल्या होत्या. राहिली होती ती टेस्ट. गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार, बॉयलर पाण्यानं भरून दाब चढवणार, आणि धरला तर कागदावर सही करणार.

“पास झालं तर दसऱ्याला वाफ,” जुनी इंजिनं जपणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी सत्यनारायण दर दोन दिवसांनी येऊन सांगून जात. घरचं मराठी, पण निम्म्या वाटेत कन्नडकडे वळणारं. “नाही तर माझ्या हातात काही उरत नाही, सार. हुणसूर रोडच्या हॉटेलवाल्याला कमिटीनं शब्द दिलाय. तो आतलं सगळं तांबं काढून घेणार, बाहेरनं रंग देणार आणि गेटपाशी उभं करणार. आत बल्ब लावतो म्हणाला, लाल. आगीसारखा दिसतो म्हणे.”

“काढलेल्या तांब्याचं काय करणार?”

“मी विचारलं नाही,” सत्यनारायण म्हणाले. “तुम्ही पण विचारू नका.”

रविवारी शेड बंद असे. शंभूराव जवळच खोली घेऊन राहत. सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि पाय सवयीनं शेडकडे वळले. लांबूनच दिसलं, छोटं दार उघडं आहे. ते फाटकाशी पोचेपर्यंत गुरुराव बाहेर आले होते. दाराला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि खांद्याला जड पिशवी अडकवून बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागले. पिशवी इतकी जड, की ते उजवीकडे कलून चालत होते.

“गुरुराव!” शंभूरावांनी हाक मारली.

अंतर फार नव्हतं. गुरुराव वळले नाहीत.

“ओ गुरुराव!”

तरीही नाही. बस आली आणि ते चढले.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शंभूरावांनी इंजिनाभोवती चक्कर मारली. डाव्या बाजूला, मागच्या चाकापाशी, मातीत काहीतरी लुकलुकत होतं. त्यांनी खाली बसून चिमटीत उचललं. तांब्याचा कीस होता. नवा, गुलाबी, केसासारखा कुरळा. कुणीतरी झाडून घेतला होता, पण घाईनं. त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवला.

त्या दिवसापासून त्यांना गुरुराव नीट दिसायला लागले, म्हणजे नीट वाईट दिसायला लागले. गुरुराव बोलत नव्हते, हे खटकलं. विचारलं तर “काय?” म्हणून प्रश्न पुन्हा विचारायला लावत, तेही खटकलं, उत्तर जुळवायला वेळ मिळवणारी माणसं असंच करतात. दुपारी ते झाडाखाली एकटेच जेवायला बसत. आधीही एकटेच बसत असतील, पण आधी ते कुणी पाहिलं होतं?

मंगळवारी डाव्या बाजूला लाल रंगाचा हात द्यायचा होता. त्याआधी शंभूराव स्वतः फडक्यानं पत्रा पुसत होते, तेव्हा बोटाला काहीतरी मऊ लागलं. स्टेचं टोक होतं ते, आणि त्याच्या बरोबर मध्यावर मेणाचा ठिपका. त्यांनी नखानं तो उकरला. आत भोक होतं. बारीक, सरळ, आतपर्यंत गेलेलं. शेजारच्या टोकावरही मेण होतं. त्याच्या शेजारीही.

ते उठले, दोन पावलं मागे झाले आणि इकडेतिकडे पाहिलं. रंगवणारी माणसं पलीकडे डबे ढवळत होती. कुसुमबाई भांडाराच्या दारात बसून चष्मा पुसत होत्या.

टेस्ट दोन दिवसांवर, आणि बॉयलरला भोकं. मेणानं बुजवलेली.

पाणी चढवलं की मेण उडणार, पाणी फुटणार, टेस्ट नापास. नापास झाली की इंजिन हॉटेलात, आणि तांबं कुणाच्या तरी घरात. शंभूरावांना हे इतकं चटकन जुळलं, की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

त्यांनी गुरुरावांना बाजूला बोलावलं. भोकांचं काही बोलले नाहीत. आपण काय पाहिलं ते समोरच्याला आधीच कशाला सांगा.

“रविवारी शेडमध्ये आला होता?”

“आलतो.”

“मला का नाही सांगितलं?”

गुरुरावांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

“तुम्हीच की बोलू नको म्हटलं,” ते म्हणाले.

हा सरळसरळ उद्धटपणा होता. शंभूरावांचे कान तापले.

“उद्यापासून येऊ नका.”

“टेस्टला?”

“टेस्टलाही नको.”

“सरी.”

गुरुरावांनी आपली हातोडी फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली, आणि कुसुमबाईंना हात करून निघून गेले. इतक्या सहज गेलेला माणूस निर्दोष असेल, हे शंभूरावांना त्या क्षणी तरी पटण्यासारखं नव्हतं.

बुधवारी दिवसभर त्यांनी सत्यनारायणांना द्यायचं पत्र मनात लिहिलं आणि खोडलं. पाच वाजता माणसं गेली. इन्स्पेक्टरसाठीचा स्टेंचा तक्ता तेवढा टाइप व्हायचा होता, तो कुसुमबाई वही शेजारी ठेवून करत होत्या. दोन बोटांनी, पण जोरात.

मधेच टकटक थांबली.

“सार, हे असंच टाइप करू?”

“असंच म्हणजे?”

“वर ‘टेस्टसाठी योग्य’, खाली तुमची सही, आणि मधे एकोणीस स्टेवर अनुमान? वाचून इन्स्पेक्टर काय म्हणेल?”

“काही म्हणणार नाही. त्यांना ठाम सांगता येत नव्हतं, म्हणून अंदाज केलाय, एवढंच.”

“अय्यो, अंदाज कुठला?” कुसुमबाईंनी चष्मा वर सरकवला. “अनुमान हो, अनुमान. डाउट. सासूला सुनेवर येतं ते. नवरा उशिरा आला की बायकोला येतं ते.”

“त्याला संशय म्हणतात.”

“तुमच्या पुण्याकडं म्हणत असतील.” महाराष्ट्र म्हणजे सगळं पुणंच, असा त्यांचा हिशेब होता. “आमच्यात अनुमानच. कन्नडमध्ये पण तेच. मग तुमच्यात अनुमान म्हणजे काय?”

“म्हणजे... तर्क. धूर दिसला, तर तिथं आग असणार, असं ठरवणं.”

“चांगलं आहे की. आम्हाला धूर दिसला की अनुमान येतं, तुम्ही काढता,” कुसुमबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या; पण शंभूरावांचं तोंड बघून थांबल्या.

शंभूराव खुर्चीत बसले होते आणि स्वतःचंच वाक्य नव्यानं ऐकत होते. मला संशय नकोय. संशयावर बॉयलर चालत नाही. संशय आला तर बोलायचं नाही. नाहीच बोलायचं.

“कुसुमबाई, रविवारी शेडची किल्ली गुरुरावांना कुणी दिली?”

“मी. तीन मिलीचं ड्रिल पण मीच दिलं, दोन दिलं, एक मोडलं तर म्हणून. हातड्रिल त्यांनी घरचं आणलं. साहेबांचं थोडं काम राहिलंय, म्हणाले.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही?”

“तुम्ही विचारलं कुठं? तीन दिवस नुसतं बघतच होता तुम्ही. मला वाटलं, तुमची तब्येत बरी नाही.”

शेवटची बस गेली होती. कुसुमबाईंची मोपेड होती. शंभूराव मागे बसले तेव्हा पुढचं चाक क्षणभर विचारात पडलं; मग निघाली. वाटेत चढावर त्यांना दोनदा उतरून चालावं लागलं.

गुरुरावांचं घर बन्नीमंटपच्या अलीकडच्या गल्लीत होतं. पूर्वी या गल्लीत सगळे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले मराठी रंगारीच. अंगणात कापड रंगवायची दगडी कुंडी अजून होती, तिच्यात आता नळाचं पाणी साठवत. त्यांच्या पत्नी सोयराबाई दारात आल्या, पाहुण्यांना आपादमस्तक पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, “ते आलेत! तुम्हाला घरी बसवलं ते!” फार मोठ्यानं म्हणाल्या. रागानं, असं शंभूरावांना वाटलं, आणि राग बरोबरच आहे, असंही वाटलं.

गुरुराव भिंतीला टेकून बसले होते. उठले नाहीत, पण चटई पुढे सरकवली.

शंभूरावांनी वाटेत बरंच जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

“आमच्याकडं अनुमान म्हणजे वेगळंच काहीतरी असतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही अंदाजानं सांगताय. म्हणून नको म्हटलं.”

गुरुरावांनी कुसुमबाईंकडे पाहिलं. त्यांनी कन्नडमध्ये दोन वाक्यांत सगळं सांगितलं. शंभूरावांना त्यातला फक्त ‘पुणे’ कळला.

“म्हणजे तुम्ही म्हणालात, अंदाज नको,” गुरुराव सावकाश म्हणाले.

“हो.”

“आणि मी ऐकलं, शंका काढू नको.”

“हो.”

“बॉयलरवर अनुमान घ्यायचं नाही.” त्यांनी पायावरून पंचा सारखा केला. “माझ्यावर घेतलेलं चालतं.”

सोयराबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. शंभूरावांनी तो तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

“ती भोकं,” ते अखेर म्हणाले.

“तुम्ही बोलू नको म्हटलं, मग मी नाही बोललो. स्टेच्या बाहेरच्या टोकात इंचभर भोक पाडलं. आत तुटला असला, चीर गेली असली, तर टेस्टला पाणी तिथनं वाट काढून भोकातनं बाहेर येणार. माझं तोंड बंद, पण तो बोलेल. वर्कशॉपात जुने लोक करायचे. मेण घातलं ते रंग आत जाऊ नये म्हणून. गुरुवारी येऊन काढणार होतो.” ते थांबले. “किती पाडली वाटतात?”

“एकोणीस.”

“एकतीस. एकोणीस बोललेले, बारा न बोललेले.”

शंभूरावांनी डोळे मिटून ती मागची डावी बाजू आठवली. चिंचेखाली इंजिन त्या अंगानं पावसाकडे तोंड करून उभं होतं. पाणी धरलं असेल, गंज गेला असेल. एकतीस शेजारी शेजारी तुटलेले असतील, तर दुरुस्ती म्हणजे निम्मी भिंत उतरवणं. दसऱ्याच्या आत शक्य नाही.

“टेस्ट रद्द करू?”

“कशाला? भरू दे की पाणी. गळला तर गळला.” गुरुराव म्हणाले. “सात नंबर हॉटेलच्या दारात उभा राहिला तर मला वाईट वाटेल. पण वाफ चढवून चार माणसं भाजण्यापेक्षा तिथं बल्ब लावून उभा राहू दे.”

“सकाळी आठला याल?”

“तुम्ही टेस्टलाही नको म्हटलंत.”

“आता या म्हणतोय.”

“हे मराठी मला कळलं,” गुरुराव म्हणाले.

इन्स्पेक्टर दहाला आले. सत्यनारायण इस्त्रीचा शर्ट घालून आधीच आले होते आणि इंजिनापेक्षा त्यांच्याच अंगात जास्त दाब दिसत होता. बॉयलर काठोकाठ भरला. दोन माणसं हातपंपावर उभी राहिली. गुरुरावांनी तारेच्या टोकानं एकेका स्टेचं मेण काढलं. एकतीस ठिपके, एकतीस भोकं. शंभूरावांनी इन्स्पेक्टरना स्वतःहून जवळ नेऊन ती दाखवली आणि म्हणाले, “इथं आम्हाला शंका आहे. गळलं, तर मी आजच नापास लिहून देतो.” सत्यनारायणांनी डोळे मिटून घेतले.

पंप चालू झाला. गेजचा काटा उचलला, चढला, आखलेल्या रेघेपाशी आला आणि थांबला. इन्स्पेक्टरांनी घड्याळात पाहिलं. अर्धा तास.

पहिली दहा मिनिटं पंपावरची माणसं काट्याकडेच बघत होती. गुरुराव भोकांसमोर उकिडवे बसले होते. एकेका भोकावर बोट ठेवायचे, उचलायचे, बोटाकडे पाहायचे. कोरडं. पुढचं. कोरडं. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. काटा हलला नाही. विसाव्या मिनिटाला सत्यनारायणांनी खिशातून रुमाल काढला. तिसाव्या मिनिटाला इन्स्पेक्टर म्हणाले, “होल्डिंग,” आणि कागद मागितला.

मग एकदम आवाज झाले. पंपावरची माणसं बफरवर थापा मारायला लागली. कुसुमबाईंनी आधीच आणून ठेवलेली, पण झाकून ठेवलेली पेढ्यांची पेटी उघडली.

“काय हो, तोंड का असं?” त्यांनी गुरुरावांच्या हातावर पेढा ठेवला. “पास झालं की.”

गुरुरावांनी पेढा तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट अजून शेवटच्या भोकावर होतं.

“एक पण नाही,” ते म्हणाले. “एकतीसमधला एक पण नाही.”

बातमी चांगली होती. त्यांचा आवाज ती सांगणाऱ्याचा नव्हता.

शंभूराव मागे सरून उभे राहिले होते. आता, मंगळवारी काम थांबवल्यामुळे रंग न लागलेल्या पत्र्यावर, मेण निघाल्यावर, ती भोकं पहिल्यांदाच सगळी एकत्र दिसत होती. मागच्या सहा ओळी, वरपासून मधल्या उंचीपर्यंत, जवळजवळ एकही स्टे न गाळता. नीट चौकोन. गंज असा आखून चढत नाही. त्यांनी फूटप्लेटवर, ड्रायव्हरच्या जागी, चढून फायरबॉक्सच्या तोंडातून आत पाहिलं. गुरुराव बसायचे ती फळी तिथंच होती. इतकी अरुंद, की तिच्यावर बसल्यावर अंग फिरवता येणार नाही. तोंडाकडे पाठ करून बसायचं, समोरच्या भिंतीला मान वळवून दोन्ही कान देता येतात. उजवीकडे उजवा. आणि डाव्या खांद्याच्या मागची ती चौकोनी जागा, तिथं फक्त डावा कान पोचतो. पस्तीस वर्षं बॉयलरच्या आत बसून टण्, टण् ऐकलेला.

ते खाली उतरले.

“पण सार, मग ही भोकं कशाला पाडली?” सत्यनारायण आता मोकळेपणानं विचारत होते. “सगळं बरंच होतं, तर गुरुरावांना अनुमान कशाचं आलं?”

गुरुरावांनी उत्तर दिलं नाही. ते इंजिनाकडे तोंड करून उभे होते आणि सत्यनारायण त्यांच्या डाव्या हाताला होते.

“मी सांगितलं होतं पाडायला,” शंभूराव म्हणाले. “पुढंही उपयोगी पडतील. प्रत्येक टेस्टला.” मग इन्स्पेक्टर वळून पाहताहेत असं दिसल्यावर म्हणाले, “तक्त्यात तसं लिहून देतो. सहीसकट.”

सत्यनारायणांचं समाधान झालं. त्यांना आता फोन करायचे होते.

शेड रिकामी होत गेली. शंभूराव गुरुरावांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“सोमवारी आग घालायची. पहिली वाफ आहे, सावकाश चढवू. सकाळी सातला...”

गुरुराव समोरच बघत होते, हातातला पेढा तसाच.

शंभूराव थांबले. मग त्यांच्या मागून वळसा घालून उजव्या हाताला आले, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.